परत पाठवलेली मुले

१ सप्टेंबर १९३९पासून अवघ्या तीन दिवसांत ब्रिटनने बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने सुमारे १५ लाख माणसे शहरांतून खेड्यापाड्यांत हलवली. त्यांत आई-वडिलांविना निघालेली शाळकरी मुलेच ८ लाखांच्या वर होती. कित्येक गावांत मुलांना सभागृहात उभे करत आणि ज्याला जे पसंत पडे ते तो घरी नेई. एकट्या मुलाच्या सांभाळासाठी सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देई. थोड्याच दिवसांत ओरड सुरू झाली : पोर अंथरूण ओले करते, चोरी करते, पळून जाते. लोकांनी मुलाच्या आईला आणि तिच्या गरिबीला नावे ठेवली. मुलाची रवानगी मात्र दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी होत राहिली. मुलाचा एका घरातला मुक्काम संपला, तरी त्याला धरून राहणारे माणूस सुटता कामा नये, ही समज ब्रिटनला या परत पाठवलेल्या मुलांमुळेच आली, असे मला वाटते.

कुठल्याच घरात न टिकलेल्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. ऑक्सफर्डशायरमधल्या अशा वसतिगृहांत मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट आणि समाजकार्यकर्त्या क्लेअर ब्रिटन यांनी एकत्र काम केले. विनिकॉट यांचे निरीक्षण असे, की पोळलेले मूल आशा वाटू लागली की मगच खोड्या काढते. हे घर आपल्याला कुठवर सोसते, हे ते ताणून बघत असते. यावर कोणी म्हणेल, की हा भार साध्या शेतकरी कुटुंबांनी का वाहावा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दोष त्या कुटुंबांना देता येत नाही. खाट आणि भत्ता दिला की काम झाले, असे मानणाऱ्या व्यवस्थेला तो द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे : खुद्द विनिकॉट यांना तरी कुठे जमले? वसतिगृहातून पळालेला नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्या घरी तीन महिने राहिला. त्याचा संताप अनावर झाला की ते त्याला दाराबाहेर ठेवत. दाराशी त्याच्यासाठी घंटा होती. ती वाजवली की तो आत येई आणि झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षरही निघत नसे. तुझ्या वागण्याने मला तुझा तिरस्कार वाटला, हेही ते त्याला तोंडावर सांगत. पुढे त्याला सुधारशाळेत जावेच लागले. पण त्याच्या आयुष्यात टिकून राहिलेल्या मोजक्या गोष्टींत हे नाते होते, असे विनिकॉट यांनी नोंदवले आहे. माझ्या लेखी हे अपयश नव्हे.

जानेवारी १९४५मध्ये श्रॉपशायरमधल्या एका शेतावर डेनिस ओ'नील हा १२ वर्षांचा मुलगा प्रतिपालकांच्या छळाने आणि उपासमारीने मेला, तेव्हा देश हादरला. घराला पारख्या झालेल्या मुलांच्या सांभाळाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या कर्टिस समितीपुढे विनिकॉट आणि क्लेअर ब्रिटन यांनी साक्ष दिली. समितीचा अहवाल १९४६मध्ये आला. मुलांना जातीने ओळखणारा अधिकारी हवा, असा तिचा आग्रह होता. १९४८च्या बालक कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला बालक अधिकारी नेमणे बंधनकारक केले.