भुसावळचे एक थडगे

आम्हां दहन करणाऱ्या लोकांच्या मागे थडगे उरत नाही. त्यामुळे दफनभूमीत इतिहास शोधावा, असे आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत १८७९ साली ज्यांना मूठमाती मिळाली, ते मेजर रॉबर्ट गिल आपणांस परके मानता येणार नाहीत. मद्रास लष्करातील ह्या चित्रकारास १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमण्यात आले. अंधाऱ्या लेण्यांत त्यांनी वर्षानुवर्षे घालविली. ती तैलचित्रे लंडनास गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाली! पुढे ग्रिफिथ्स ह्यांनी मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करविलेल्या बऱ्याच नकलांचीही १८८५ साली लंडनास तीच गत झाली. गिल ह्यांची प्रिय पारो १८५६ साली वारली. तिची कबर अजिंठा गावी आहे. लोक तिची कथा आवडीने सांगतात, गिलसाहेबांचे कष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही.

धुळ्यास ह्याच्या उलट घडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे तेथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले. देहाची राख झाली; पण गावोगाव पायपीट करून जमविलेली त्यांची दप्तरे तेथेच १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जपली. आपल्याही घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांची गाठोडी असतील. ती रद्दीत घालण्यापूर्वी सभासद बंधुभगिनींनी एखाद्या मोडी जाणणाऱ्यास अवश्य दाखवावीत, एवढी आमची विनंती आहे.