गुळगुळीत धांव

बैलगाडीच्या लांकडी चाकावर जो लोखंडी पट्टा चढवितात, त्यास मराठींत धांव असें नांव आहे. गोवऱ्यांच्या आगींत ती लाल होईपर्यंत तापवावयाची, उचलून चाकावर बसवावयाची आणि लागलीच वरून पाणी ओतावयाचें, म्हणजे निवतांना ती आंवळते व चाकाचे सारे भाग घट्ट धरून ठेवते. ही धांव अगदीं गुळगुळीत असते, आणि तिच्या गुळगुळीतपणाबद्दल कोणा गाडीवानानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. विदर्भांतील शंकरपटांत बैलजोड्या वाऱ्यासारख्या सुटतात, तेव्हांही जमीन धरण्याचें काम खुरांचें असतें. चाकानें मागून नुसतें फिरत यावयाचें. मोटारीच्या चाकावर मात्र तिहेरी जबाबदारी येऊन पडली. गाडी ढकलावयाची त्यानेंच, वळवावयाची त्यानेंच आणि थांबवावयाची तीही त्यानेंच. तळहाताएवढ्या रबरानें जमीन कशी धरावी, हा प्रश्न येथून सुरू होतो. आणि नागपूरच्या एखाद्या हौशी तरुणानें शर्यतीच्या मैदानासाठीं कोणते टायर घ्यावे, हा आजचा प्रश्न त्याच जुन्या प्रश्नाचें अलीकडचें प्रकरण होय.

रबराच्या नळींत वारा कोंडण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं नोंदविली होती. पण त्या काळीं तिला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं तीच युक्ति नव्यानें शोधून काढली व १८८८ मध्यें तिचा हक्क मिळविला. दुसऱ्याच वर्षीं विली ह्यूम या सायकलपटूनें तसले टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, आणि मुलाचे धक्के कमी करण्यासाठीं निघालेली वस्तु वेगाची वस्तु ठरली. १८९५ मध्यें मिशेलिन बंधूंनीं पॅरिस ते बोर्दो व परत अशा शर्यतींत वाऱ्याच्या टायरांवर मोटार हाकली. वाटेंत टायर वारंवार फुटले, ठरलेली मुदत टळून गेली. तरी गाडी पोंचली, आणि पाहणाऱ्यांस तेवढें पुरें झालें.

त्या वेळच्या टायरांची पाठ गुळगुळीत होती, पण ती अज्ञानामुळें. ओल्या दगडी रस्त्यावर गाड्या घसरूं लागल्या, तेव्हां कोणी चाकांस साखळ्या बांधल्या, कोणी खिळे मारलेले कातड्याचे पट्टे चढविले. अखेर रबरावरच नक्षी उठविण्याची वहिवाट पडली. १९०८ सालीं फायरस्टोन कंपनीनें तर आपलें नांव व ‘नॉन स्किड’ हे शब्दच टायरच्या पाठीवर तिरप्या अक्षरांत कोरले. अक्षरांच्या कडा जमीन धरीत आणि मऊ मातीवर फुकटची जाहिरातही उमटत जाई! या टायरांचा सांगाडा कापसाच्या कापडाचा असे. ज्या जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली, तेच मुंबईंत १८९८ च्या सुमारास मोटार बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांत गणले जातात. कापूस आणि मोटार यांची गांठ एकाच घरांत पडावी, हा केवळ योगायोग. पण नागपूरकरांस तो गोड वाटल्यावांचून राहणार नाहीं.

अशा रीतीनें नक्षी हें शहाणपणाचें लक्षण ठरल्यावर, १९५० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील पाव मैलाच्या सरळ शर्यतींत ती पुन्हां पुसली गेली. यंत्राचें बळ वाढलें, चाकें जागच्या जागीं गरगरूं लागलीं, म्हणून रुंद, मऊ व बिननक्षीचे टायर मागील चाकांस लावण्यांत आले. यांसच शर्यतीच्या भाषेंत स्लिक म्हणतात. १९७१ सालीं फायरस्टोननें ते फॉर्म्युला वनच्या मैदानांत आणले. वळणावर गाड्या इतक्या वेगानें जाऊं लागल्या कीं, १९९८ पासून २००८ पर्यंत नियमकर्त्यांनीं टायरांवर खोबणी सक्तीची केली. २००९ मध्यें स्लिक परत आले. वेग कमी करण्यासाठीं टायरवर मुद्दाम रेघा ओढाव्या लागल्या, याहून त्याच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा तो कोणता?

हें सामर्थ्य येतें कोठून? घर्षण पृष्ठभागाच्या विस्तारावर अवलंबून नसतें, असें शाळेंत शिकवितात. पण रबर हा नियम पाळीत नाहीं. तें डांबराच्या बारीक खळग्यांत शिरून त्यांस बिलगतें, आणि दर चौरस इंचावरील भार जितका हलका तितकी त्याची पकड प्रमाणानें वाढते. खोबणी पाडली म्हणजे जमिनीस टेकणारें रबर तितकें घटलें, आणि मधले उंचवटे वळणावर डुलूं लागले. कोरड्या, स्वच्छ मैदानावर म्हणूनच सपाट पाठ श्रेष्ठ ठरते. अट एकच, रबर पुरतें तापलें पाहिजे. शर्यतीचें रबर बहुधा ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास खरी पकड देतें. थंड असतां तें साध्या टायराहूनही दगा देऊं शकतें.

नागपूरकराचा घोटाळा येथेंच होतो. ज्या गांवीं २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला आणि डांबर तर हवेहूनही अधिक तापतें, तेथील माणसास वाटावें कीं आपल्याला सर्वांत मऊ टायरच उत्तम. वस्तुस्थिति उलट आहे. तापलेल्या जमिनीवर मऊ रबर चार फेऱ्यांत मर्यादेबाहेर जातें, त्यास तेलकटपणा येतो, कधीं फोड येतात. उन्हाळ्यांत कठीण जातीचें रबर निवडावें लागतें. वाऱ्याचा हिशेबही असाच फसवा असतो. सकाळीं २७ अंशांवर २० पौंड दाबानें भरलेला टायर ९० अंशांपर्यंत तापला, तर दाब २७ पौंडांच्या वर जातो. यासाठीं जाणता चालक फेऱ्या मारून येतांच दाब मोजतो, आणि टायरच्या दोन्ही कडांचें व मध्याचें तापमान टोंचणीच्या तापमापकानें पाहतो. मध्य अधिक तापला असेल तर वारा जास्त, दोन्ही कडा तापल्या असतील तर कमी.

अशी निवड मोठमोठ्यांचीही चुकते. १९ जून २००५ रोजीं इंडियानापोलिसच्या शर्यतींत, उतरत्या वळणावर आपले टायर टिकतील याची हमी मिशेलिनला देतां येईना. वीसपैकीं चौदा गाड्या शर्यत सुरू होण्यापूर्वींच परत फिरल्या. उरलेल्या सहांत नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्यें गुण मिळविणारा पहिला भारतीय ठरला.

हौशी माणसाच्या पाठीशीं कंपनीचे तज्ज्ञ नसतात. कोल्हापूरजवळील मोहिते यांच्या मैदानावर लहान कार्ट हाकतांना त्याची स्लिकशीं पहिली ओळख होते. पुढें चेन्नईजवळचें इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचें कारी मैदान त्यास खुणावूं लागतें. तेथें व्यावसायिकांनीं वापरून टाकलेले स्लिक स्वस्तांत मिळतात. परंतु रबर दर वेळीं तापून निवतांना थोडें थोडें कठीण होत जातें; वरून जाड दिसणारा टायर आंतून संपलेला असतो. निदान बाजूवरील चार आंकडे तरी वाचावे. १२२३ म्हणजे २०२३ सालचा बारावा आठवडा. शिवाय घरची मोटार एवढ्या पकडीसाठीं बनविलेली नसते. लांब वळणावर तेल एका बाजूस लोटलें जाऊन इंजिन कोरडें पडूं शकतें. आणि नवशिक्यानें तर पहिलें वर्ष रस्त्याच्या टायरांवरच काढावें हें बरें, कारण तो टायर सुटण्यापूर्वीं किंचाळून सूचना देतो. स्लिक फार वेळ मुकाट्यानें धरून ठेवतो आणि मग एकाएकीं सोडतो.

पावसांत तर स्लिकचा कांहींच उपयोग नाहीं. अमेरिकेच्या नासा या संस्थेंत १९६३ सालीं विमानाच्या चाकांवर झालेल्या प्रयोगांतून असें दिसलें कीं, चाक पाण्यावर तरंगूं लागण्याचा वेग वाऱ्याच्या दाबावर अवलंबून असतो. त्या सूत्रानें २५ पौंड दाबाचा गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यांत ताशीं सुमारें ८३ किलोमीटरवर जमीन सोडतो. मग सुकाणूं फिरवा कीं ब्रेक दाबा, सारें सारखेंच.

म्हणूनच झिजून गुळगुळीत झालेल्या टायरास कौतुकानें ‘स्लिक’ म्हणण्याची जी खोड तरुण मंडळींस लागली आहे, ती भयंकर आहे. स्लिकची पाठ सपाट असते, पण तीवर ताज्या, मऊ रबराचा थर असतो. झिजलेल्या टायरांत उरतें तें जुनें, कठीण रबर, आणि त्याखालीं लागलीच सांगाड्याचे धागे. मोटारीच्या टायरावरील खोबणी १.६ मिलिमीटरहून उथळ असूं नये, असा कायद्याचा दंडक आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्ग खुला झाला आणि तासन् तास एकाच वेगानें धांवणाऱ्या चाकांची परीक्षा सुरू झाली. झिजलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशद्वाराशींच अडवून परत लावण्याचें काम २०२३ मध्यें परिवहन खात्यास हातीं घ्यावें लागलें. परत फिरविलेल्यांपैकीं कित्येकांस तो जुलूम वाटला असेल.

दक्षिणेंतील मैदानावरून नागपूरला परतणारा जाणता गडी मैदानाच्या फाटकांतच जॅक लावतो. चारही स्लिक उतरवून, पुसून, मागें बांधून ठेवतो आणि नक्षीचे साधे टायर चढवितो. हैदराबाद मागें टाकून राष्ट्रीय महामार्ग ४४ नें वर येतां येतां पैनगंगेच्या पुलावर मृगाची पहिली सर त्यास गांठते; धूळ आणि सांडलेलें तेल यांचा राड झालेला असतो, आणि तो वेग साठांवर आणून डाव्या बाजूनें चालूं लागतो.