कर, कर्ज आणि पेन्शन : कॅलिफोर्नियाच्या मतदाराचा हिशेब

भुंगा जसा फुलास न दुखवितां मध घेतो, तसा राजानें प्रजेकडून कर घ्यावा, असें आपल्याकडील जुने राजनीतिकार सांगत आले. राजा निराळा व प्रजा निराळी होती तोंवर हा दृष्टांत पुरेसा होता. परंतु जेथें प्रजाच राजा झाली, आणि आपण किती कर द्यावा हें तिनेंच मत देऊन ठरवावयाचें, तेथें भुंगा कोण आणि फूल कोण, असा प्रश्न उत्पन्न होतो. लोकसत्तेच्या पुरस्कर्त्यांची समजूत अशी कीं, स्वतः ठरविलेल्या कराबद्दल कोणी कुरकुर करणार नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियाचा गेल्या सुमारें पन्नास वर्षांचा इतिहास या समजुतीस फारसा दुजोरा देत नाहीं. तोच येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

या संस्थानांत १९११ सालीं, हायरम जॉन्सन हे गव्हर्नर असतां, घटनेंत दुरुस्ती होऊन मतदारांस स्वतः कायदे सुचविण्याचा व मंजूर करण्याचा अधिकार मिळाला. रेल्वे कंपनीच्या मुठींत गेलेल्या कायदेमंडळास लगाम घालावा, हा त्या सुधारणेचा हेतु होता. संस्थानास तीन लाख डॉलरांहून अधिक कर्ज काढावयाचें असल्यास मतदारांची संमति घेतली पाहिजे, असा निर्बंध तर १८७९ च्या घटनेंतच होता. अशा रीतीनें कराचा व कर्जाचा, असे दोन्ही प्रश्न सामान्य मनुष्याच्या मतपत्रिकेपर्यंत येऊन पोंचले.

घरपट्टीची आकारणी करणारे अधिकारी तेथें लोकांनीं निवडून दिलेले असत. घरमालकांचीं मतें हवीं म्हणून ते घरांची आकारणी हलकी ठेवीत. १९६५ च्या सुमारास असें उघडकीस आलें कीं, त्यांपैकीं कांहीं जण व्यापारी मिळकतींच्या मालकांकडून पैसे घेऊन त्यांचीही आकारणी कमी करीत होते. यावर उपाय म्हणून १९६६ सालीं कायदा झाला, आणि सर्व मिळकतींची आकारणी बाजारभावाच्या एक चतुर्थांश अशी सारख्या प्रमाणांत करावी असें ठरलें. लांचलुचपत थांबली, परंतु तिच्या आडोशास घरमालकांना मिळत असलेली सवलतही तिच्याबरोबर गेली. पुढें सत्तरीच्या दशकांत घरांच्या किंमती भराभर चढल्या आणि पट्टीही त्यांच्या मागोमाग चढली. घराची किंमत वाढली म्हणून त्यांत राहणाऱ्याच्या हातीं रोकड येत नाहीं. वृद्ध मनुष्याचें उत्पन्न होतें तेवढेंच राहिलें व मागणीचा आंकडा मात्र फुगत गेला. इकडे संस्थानाच्या खजिन्यांत सुमारें ५०० कोटी डॉलर शिल्लक सांचली होती, आणि सवलत कोणास किती द्यावी याचा वाद कायदेमंडळांत चालूच होता. अशा वेळीं लोक संतापले तर त्यांस दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. पंचाहत्तरीच्या घरांत आलेले हॉवर्ड जार्व्हिस व त्यांचे सहकारी पॉल गॅन यांनीं सह्या गोळा करून तेराव्या क्रमांकाचा ठराव लोकांपुढें आणला, आणि ६ जून १९७८ रोजीं शेंकडा सुमारें ६५ मतांनीं तो मंजूर झाला.

त्या ठरावानें घरपट्टी किंमतीच्या शेंकडा एकवर बांधून टाकली. किंमत १९७५ सालची धरावयाची, ती दरसाल फार तर शेंकडा दोननें वाढवावयाची, आणि मिळकत विकली गेली म्हणजेच ती नव्या बाजारभावानें आंकावयाची. शिवाय यापुढें संस्थानाचा कोणताही कर वाढविण्यास कायदेमंडळाच्या दोनतृतीयांश सभासदांची संमति आवश्यक झाली. घरपट्टीचें उत्पन्न एका वर्षांत सुमारें ७०० कोटी डॉलरांनीं घटलें. जुन्या घरमालकाचा जीव भांड्यांत पडला. पण नव्यानें येणाऱ्याचें काय? लॉस एंजेलिस येथील एका बाईंनीं १९८८ सालीं एक लहान घर विकत घेतलें. त्यांस वार्षिक १,७०० डॉलर पट्टी आली. तशाच घरांत पूर्वींपासून राहणारा शेजारी साडेतीनशेंच्या आसपास भरीत होता. त्यांनीं दाद मागितली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं निकाल दिला कीं, हा भेद घटनाबाह्य नाहीं. म्हणजे रस्ता एक, शाळा एक, अग्निशामक बंब एक, आणि त्यांच्यासाठीं द्यावयाची रक्कम मात्र कोण आधीं आला यावर अवलंबून!

कराची वाट अरुंद झाली, तरी शाळांचीं छपरें गळावयाचीं थांबलीं नाहींत. मग कर्जाची वाट राहिली. संस्थानाचे कर्जरोखे काढण्यास मतदारांचें साधें बहुमत पुरे होतें. कर वाढविण्यास मात्र कायदेमंडळांत दोनतृतीयांश मतें हवीं होतीं. जें सोपें तेंच माणसें करतात. पूल किंवा धरण यांसाठीं कर्ज काढणें शहाणपणाचें आहे, कारण त्यांचा उपयोग पुढील पिढीसही होतो. परंतु २००४ सालीं चालू खर्चांतील तूट भरून काढण्यासाठीं १,५०० कोटी डॉलरांच्या रोख्यांची परवानगी मागण्यांत आली, आणि मतदारांनीं तीही दिली. उलट, मार्च २०२० मध्यें शाळांसाठीं तेवढ्याच रकमेचे रोखे मागितले असतां मतदारांनीं नकार दिला. योगायोग असा कीं, त्याही ठरावाचा क्रमांक तेराच होता.

तिसरें प्रकरण पेन्शनचें. त्याबद्दल मतदारांस फारसें विचारण्यांतच आलें नाहीं. १९९९ सालीं शेअरबाजार तेजींत होता व सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडांत गरजेहून अधिक पैसा दिसत होता. तेव्हां कायदेमंडळानें पेन्शनचे दर वाढविले. फंडाच्या नफ्यांतूनच हा खर्च भागेल, खजिन्यावर भार पडणार नाहीं, असें सांगण्यांत आलें. हमरस्त्यांवरील पोलिसास पन्नासाव्या वर्षीं, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागें पगाराच्या शेंकडा तीन याप्रमाणें, पेन्शन मिळूं लागलें. म्हणजे तीस वर्षें नोकरी केलेल्यास पगाराच्या शेंकडा नव्वद. अनेक शहरांनीं हाच कित्ता गिरविला. लवकरच बाजार घसरला, आणि २००८-०९ च्या वर्षांत तर या फंडाची जवळजवळ चौथाई रक्कम बुडाली. एकदां दिलेलें वचन तोडीचा दुसरा लाभ दिल्यावांचून कमी करतां येत नाहीं, असें तेथील न्यायालयें १९५५ पासून मानीत आलीं होतीं. तेव्हां तूट शहरांच्या माथीं आली. स्टॉक्टन शहरानें पेन्शनचें देणें फेडण्यासाठीं २००७ सालीं साडेबारा कोटी डॉलरांचे रोखे काढले. पुढच्याच वर्षीं बाजार कोसळला आणि २०१२ सालीं शहरानें दिवाळें काढलें. त्यांत सावकारांचे पैसे बुडाले, निवृत्त नोकरांचा औषधपाण्याचा खर्च बंद झाला. पेन्शन मात्र वांचलें.

म्हणून नोकरांस लोभी ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. तेथील शाळाशिक्षकांस इतर अमेरिकन कामगारांप्रमाणें संघराज्याच्या वृद्धापकाळ विम्याचा लाभ त्या नोकरीबद्दल मिळत नाहीं. पेन्शन हाच त्यांचा म्हातारपणाचा आधार. तसेंच मतदारासही कृपण म्हणणें बरोबर नव्हे. जून २०१२ मध्यें सॅन होजे व सॅन डिएगो येथील मतदारांनीं पेन्शनला कात्री लावण्याचे ठराव मोठ्या बहुमतानें मंजूर केले. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत संस्थानाच्या मतदारांनीं शाळा वांचविण्यासाठीं स्वतःवरील विक्रीकर वाढवून घेतला. शाळेकडे डोळ्यांसमोर पैसा जात असेल तर लोक तो देतात. आपला पैसा जुन्या देण्यांत गडप होतो असें वाटलें म्हणजे ते चिडतात.

आमच्या मतें दोष मतदाराच्या वृत्तींत नसून प्रश्न विचारण्याच्या पद्धतींत आहे. कर, कर्ज व पेन्शन हीं एकाच खातेवहींतील तीन पानें. कर आज द्यावयाचा असतो, कर्ज उद्यां फेडावयाचें असतें, आणि पेन्शनचें देणें परवां उभें राहतें. कॅलिफोर्नियांत आजचें देणें मतदारानें नाकारलें, उद्यांचें बहुतेक वेळां मान्य केलें, आणि परवांचें त्याच्या नकळत ठरलें. तिन्ही पानांची एकत्र बेरीज त्याच्यापुढें कोणीं मांडली नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्यानेंही ती मागितली नाहीं.

आम्हांसही या गोष्टी परक्या नाहींत. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरींत आलेल्यांस नवी पेन्शन योजना लागू झाली, आणि जुनी परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्यें सरकारी नोकरांनीं आठवडाभर संप केला. त्या दिवसांत ज्या घरीं बाप जुन्या पेन्शनवर व मुलगा नव्या योजनेंत, अशा घरांतून काय बोलणीं झालीं असतील तें वाचकांस सांगावयास नको. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथेंच सांपडतें. लोकसत्तेंत आजची पिढी भुंगा आणि उद्यांची पिढी फूल. त्या फुलास अजून मताचा अधिकार नाहीं, म्हणून हिशेब मागण्याचें काम आजच्या मतदारासच केलें पाहिजे.