गोंधळाचे अंगण आणि आपण बायका



आपल्या धाराशिव जिल्ह्याचा इतिहास लिहू म्हटले तर विषयांना तोटा नाही. नळदुर्ग आणि परांड्याचे किल्ले आहेत, शहराजवळची लेणी आहेत, तेरचे प्राचीन नगर आहे. हा सारा इतिहास दगडात आहे, म्हणून तो टिकला आणि त्यावर ग्रंथही झाले. परंतु ज्या इतिहासाला दगड नाही, जो रात्री अंगणात उभा राहतो आणि उजाडताच केरसुणीने झाडला जातो, त्याची नोंद कोण ठेवणार? त्या केरसुणीचा मान आपल्याकडे आहे. तेव्हा नोंद ठेवण्याचे कामही आपलेच, असे मानून हा लेख लिहिला आहे. विषय आहे देवीचा गोंधळ.

गोंधळ पाहिला नाही अशी बाई आपल्या भागात विरळा. लग्न झाले, मुंज झाली, मुलाचे जावळ काढले किंवा नवस फिटला, की कुळाचाराप्रमाणे गोंधळ घालावयाचा. नाटकाला थिएटर लागते, तमाशाला तंबू लागतो. गोंधळाला शेणाने सारवलेले अंगण पुरते. पाटावर नवा खण अंथरतात, त्यावर धान्याची रास घालतात, राशीवर कलश, विड्याची पाने आणि नारळ ठेवतात. काही घरी उसाची किंवा ज्वारीची धाटे बांधून वर मखरही करतात. हा चौक भरला, की तेच देऊळ आणि तीच रंगभूमी. शेजारी दिवटी पेटते, बुधलीतून तिच्यावर तेल पडते, आणि तेवढ्या उजेडात चारपाच माणसे रात्र जागवतात. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणे, तिसऱ्याच्या हाती झांज. प्रथम गण होतो. मग गावोगावच्या देवांना नावे घेऊन बोलावणे जाते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, सगळे त्या दहा हात अंगणात येऊन बसतात. नंतर आख्यान लागते, आणि पहाटे दिवटी ओवाळून आरती होते.

गोंधळ म्हणजे नुसती पूजा नव्हे. त्यात गंमतही पुष्कळ असते. मुख्य नाईक गंभीरपणे कथा सांगत असतो आणि त्याचा साथीदार मध्येच वेडेवाकडे प्रश्न विचारून मंडळींना हसवतो. शिवाय करपल्लवीचा खेळ असतो. प्रेक्षकांपैकी कोणीतरी एका गोंधळ्याच्या कानात एखादे नाव सांगतो. तो तोंडातून अवाक्षर न काढता बोटांच्या खुणा करतो, आणि दूर उभा असलेला दुसरा गोंधळी ते नाव बिनचूक ओळखतो. लहान मुले तोंडाचा आ करून पाहत राहतात. ही खुणांची भाषा बापाकडून मुलाकडे येते. तिची शाळा कोठे नाही.

लहान जागेत मोठी कला मावते, याचा आपल्या जिल्ह्यातील जुना दाखला तेरला आहे. तेथील त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे असून मागच्या बाजूने गोलाकार आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे संशोधक मानतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. येथले कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, हे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवृत्तात लिहिलेले आहे. त्या व्यापाऱ्यांचे वैभव लयाला गेले, पण ती लहानशी वास्तू लोकांनी सोडली नाही. गोरोबाकाकांचे तुटलेले हात नामदेवांच्या कीर्तनात परत फुटले, ते याच देवळापुढे, असे तेरची परंपरा सांगते. त्या कथेत कीर्तन ऐकणाऱ्यांत गोरोबांची पत्नीही होती आणि तिचे गेलेले मूल रांगत तिच्याकडे आले. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या गर्दीत एक बाई होती आणि तिच्या दुःखाची दखल त्या कीर्तनाने घेतली.

आता प्रश्न असा, की गोंधळात बाई कोठे आहे?

चौकाला धान्य कोणी निवडले? बाईने. अंगण कोणी सारवले? बाईने. खण, नारळ, हळकुंडे आणि सुपाऱ्या काढून कोणी दिल्या, पहाटेच्या जेवणाची चूल कोणी पेटवली? बाईनेच. आणि आख्यान चालू असताना ती कोठे बसली? उंबऱ्याच्या आत, कडेवर पेंगुळलेले मूल घेऊन. संबळ पुरुषाच्या कमरेला आणि आख्यान पुरुषाच्या तोंडी. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, असे आपण समजतो. परंतु पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून, हे पाहू गेले तर इतिहास काही वेगळेच सांगतो.

उमरग्यापासून फार लांब नसलेले बसवकल्याण आज कर्नाटकात आहे. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी कल्याण होती. तेथे इ.स. ११२६ ते ११३८ या काळात तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. 'मानसोल्लास' हा प्रसिद्ध ग्रंथ त्याचाच. पुढे तेराव्या शतकात काकतीयांचा सेनापती जायप याने 'नृत्तरत्नावली' हा नृत्यावरील ग्रंथ लिहिला. त्यात एक हकीकत आहे. कल्याणात भूतमातेचा उत्सव चालला असता भिल्लिणीच्या वेषातील एक स्त्री गात नाचत होती. ते नृत्य राजा सोमेश्वराला इतके आवडले, की त्याने त्याला शास्त्रात स्थान दिले. या नृत्याला गौंडली म्हणत, आणि ते नाव मराठी मुलखातील बोलीवरून आले असे जायप सांगतो. गौंडली आणि गोंधळ यांचे नाते आहे असे काही विद्वानांचे मत आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी आपल्या या लोकपरंपरांचा कसून शोध घेतला, म्हणून अशा गोष्टी आज आपणास ठाऊक आहेत. हे मत खरे धरले तर ज्या खेळाच्या वेळी आपण उंबऱ्याआड बसतो, त्याच्या उगमाशी एक नाचणारी, गाणारी बाई उभी आहे. तिचे नाव ग्रंथात नाही. राजाचे आहे.

तरीही गोंधळ आपला राहिला, याचे कारण आख्याने. जांभूळ आख्यानच घ्या. पाच पतींची पत्नी द्रौपदी, पण कर्णाला पाहून तिच्या मनात येते की हाही आपला असता तर! मनातली ही गोष्ट ती कोणाला सांगत नाही. पुढे वनात झाडावरून तोडलेले एक जांभूळ परत देठाला लावण्याचा प्रसंग येतो. प्रत्येकाने आपल्या मनातले खरे सांगितले तरच ते लागणार असते. शेवटी द्रौपदीला आपले मन उघडे करावे लागते. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. ती लोकांनी रचली. परभणीचे थोर गोंधळी राजारामभाऊ कदम यांच्या मुखातून ती पुष्कळांनी ऐकली, आणि शाहीर विठ्ठल उमप यांनी ती रंगमंचावर गाजवली. आपल्या आजी-पणजींनी उंबऱ्याआतून अशी आख्याने ऐकली असतील, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? पतिव्रतेलाही मन असते, आणि ते खरे बोलले तर तुटलेले फळ देठाला लागते, ही गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांदेखत, देवीच्या चौकापुढे, मोठ्याने सांगितली जात होती. त्या काळात दुसरीकडे कोठे ती सांगता आली असती?

आणखी एक उपकार या अंगणाने केला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या अमलात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच चाले. सार्वजनिक सभेला सरकारी परवानगी लागे. उर्दूविषयी आकस धरण्याचे कारण नाही. ती गोड भाषा आहे आणि आपल्या शेजारणींपैकी अनेकींची मायबोली आहे. परंतु ज्या मराठी बाईला अक्षरओळख नव्हती, तिला महाभारत, देवीमाहात्म्य आणि शिवरायांची कथा कोणत्या शाळेत मिळणार होती? अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास हा गोंधळीच होता असे मानतात. ओवी जात्यावर, कीर्तन देवळात आणि गोंधळ अंगणात, अशा तीन ठिकाणी तिची मराठी जिवंत राहिली.

आता आराधी बायकांविषयी. गोंधळात बाई उंबऱ्याच्या आत असली तरी आराध्यांच्या मेळ्यात ती बाहेर उभी आहे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळी मळवट, अशी ती मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागते, नवरात्रात तुळजापूरच्या वाटेने गात जाते. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते, पालखी आमराईकडे निघते आणि भाविक चुनखडीचे खडे वेचतात, तेव्हाही हे मेळे असतातच. ही बाई स्वतःच्या गळ्याने, उघड्या रस्त्यावर, शेकडो लोकांपुढे गाते. तिला आपण काय मान दिला? परडीत मूठभर पीठ घातले आणि दार लावून घेतले. ती गात गेली ती गाणी कोणी रचली, तिने ती कोणाकडून घेतली, हे विचारावेसे आपल्याला वाटले नाही.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. देवीच्या नावाने मुली सोडण्याची चाल महाराष्ट्रात होती आणि तिने कित्येकींच्या आयुष्याची माती केली. त्या चालीला बंदी करणारा महाराष्ट्राचा देवदासीविषयक कायदा २००५ सालचा आहे. स्वखुशीने परडी घेणारी गृहिणी निराळी आणि अजाण वयात देवाला सोडलेली पोर निराळी. कला जपावी म्हणताना ती चाल जपावी असे कोणी मनात आणू नये. गाणे राहावे, बळी जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात मोठे उत्सव झाले. २०१७ साली जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वे नाट्यसंमेलन भरले. जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे साहित्यसंमेलन भरले. दोन्ही वेळा जिल्ह्याचा ऊर अभिमानाने भरून आला. असे मांडव वारंवार पडत नाहीत. अंगण मात्र रोजचे आहे, आणि तेच आज संपत चालले आहे. घरे सिमेंटची झाली, लग्ने मंगल कार्यालयात गेली. गोंधळ्याला तासाभरात उरका म्हणून सांगतात, आणि कधी तेवढेही न करता मोबाइलवरची गाणी कर्ण्याला जोडून कुळाचार झाला असे मानतात. गोंधळी समाज हा भटक्या जमातींपैकी. त्याची मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, हे चांगलेच झाले. परंतु ज्याला रात्रभर ऐकणारे कोणी नाही, त्याने मुलाला करपल्लवी कशासाठी शिकवावी?

मग आपण काय करावे? मोठ्या मांडवाची आणि वर्गणीच्या पावत्यांची गरज नाही. वर्षातून एकदा, कोणा भगिनीच्या उरल्यासुरल्या अंगणात किंवा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, कर्णा न लावता गोंधळ ठेवावा. गोंधळ्याला आधी ठरवून योग्य बिदागी द्यावी आणि आख्यान पुरे ऐकावे. दुसऱ्या रात्री आराधी बायकांना बोलवावे, त्यांना सतरंजीवर मानाने बसवावे, त्यांची गाणी वहीत उतरवावी आणि गाणारणीचे नाव गाण्याखाली लिहावे. भारुडात स्त्रीचे सोंगही पुरुषच घेत, तेथे पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी स्वतः उभ्या राहिल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. मग आपल्यापैकी एखादीच्या लेकीने संबळ कमरेला बांधला तर देवी रागावेल काय? देवी स्वतः बाई आहे.

कल्याणच्या उत्सवात नाचलेल्या त्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या गावच्या बाईचे नाव तरी वहीत राहावे. त्या वहीचे पहिले पान पुढच्या नवरात्रात लिहून व्हावे, अशी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करते.