किरणांची मात्रा आणि पेशींची उसंत

रंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि वर्ष उलटण्यापूर्वीच ते कर्करोगाच्या गाठींवर सोडले जाऊ लागले. गाठी वितळत, पण वरची कातडीही होरपळे. रोग जळावा आणि रोगी वाचावा, हे साधावे कसे?

या प्रश्नाची वाट पॅरिसमध्ये एका एडक्याने दाखविली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. तेथील रेडियम संस्थेतील क्लोडियस रेगो यांनी एडक्याच्या वृषणातील बीजपेशी निवडल्या. कारण कर्कपेशींप्रमाणे त्याही अखंड विभागत असतात. किरणांची मोठी मात्रा एकदम दिली, तर एडका निर्बीज होई, पण कातडी जळून जाई. मात्रा वाटून अनेक दिवस दिली, तेव्हा बीजपेशी नष्ट झाल्या आणि कातडी तगली. रेगो यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच रीत स्वरयंत्राच्या कर्करोगाला लावली आणि १९२० नंतरच्या दशकात असाध्य मानलेले काही रोगी बरे झाले.

रीत सापडली, कारण मात्र उशिरा उमगले. १९५९ साली अमेरिकेत एल्काइंड आणि सटन यांनी काचपात्रातील पेशींना एकच मात्रा दोन हप्त्यांत, मध्ये काही तास जाऊ देऊन दिली. एकदम दिलेल्या मात्रेपेक्षा अधिक पेशी जगल्या. क्ष-किरणांची बरीचशी इजा पेशी तेवढ्या उसंतीत भरून काढतात. लहान हप्त्यांत हे काम निरोगी ऊती बहुतेक कर्कपेशींहून सरस करतात. उपचाराची सारी मदार या फरकावर आहे.

पण सर्व किरणांना हा न्याय लागू नाही. बर्कले येथील सायक्लोट्रॉनमधून निघणाऱ्या न्यूट्रॉनांनी डॉ. रॉबर्ट स्टोन यांनी १९३८ ते १९४३ या काळात दोनशेहून अधिक रोग्यांवर उपचार केले. न्यूट्रॉन पेशीत शिरले, की तेथील अणुगर्भांना धडक देतात. उडालेले प्रोटॉन आपल्या अरुंद वाटेवर इतकी दाट मोडतोड करतात, की पेशीला ती सांधणे कठीण जाते. गाठी विरल्या, परंतु पुढे काही वर्षांनी रोग्यांच्या निरोगी ऊती कठीण झाल्या, झडू लागल्या. १९४८ साली स्टोन यांनी स्वतःच हे जाहीरपणे मांडले आणि उपचार पुढे चालू ठेवू नयेत असे सांगितले. एवढा सरळपणा वैद्यकाच्या इतिहासात वारंवार आढळत नाही.

चूक मात्रेच्या हिशेबात होती. न्यूट्रॉन क्ष-किरणांच्या किती पट प्रखर, हे एकदम दिलेल्या मोठ्या मात्रांवरून ठरविले होते. तशा मात्रेत दोहोंपुढे पेशी सारख्याच हतबल. हप्त्यांत मात्र क्ष-किरणांनंतर त्या सावरतात, न्यूट्रॉनांनंतर फारशा नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष पट हिशेबापेक्षा बरीच मोठी निघाली.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने पुढे हा विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा हप्त्यांचे प्रयोग आधी डुकराच्या कातडीवर झाले; रोगी त्यानंतर.