सर्पगंधेचं मूळ

मंडळाच्या कार्यक्रमात पन्नाशीपुढची चार माणसं एकत्र आली, की ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा विषय निघतोच. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, आपल्याकडे हे सगळं आधीच होतं!" सर्पगंधेच्या बाबतीत हे पुष्कळसं खरं आहे, पण संपूर्ण नाही. म्हणून ही हकीकत मला सांगावीशी वाटते.

सर्पगंधा हे दमट जंगलात वाढणारं, साधारण गुडघाभर उंचीचं झुडूप. मूळ वाकडंतिकडं आणि चवीला कडूजहर. सर्पदंश, ताप आणि पोटाच्या तक्रारींवर ते देत. बिहारकडे तर त्याचं नावच 'पागल की दवा'. पण किती द्यायचं, कुणाला आणि किती दिवस, हे ज्याच्या त्याच्या हातगुणावर!

1931 साली दोन गोष्टी घडल्या. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ उपयोगी पडतं, असं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढून त्यातून पाच अल्कलॉइड्स वेगळी केली. एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' नाव दिलं. (अल्कोहोल म्हणजे प्रयोगशाळेतलं, आपल्या शनिवारच्या पार्टीतलं नव्हे!) अल्कोहोलच का? तर ही द्रव्यं नुसत्या पाण्यात फारशी उतरत नाहीत. अल्कोहोलात ती उतरतात, आणि त्यांच्याबरोबर मुळातली चिकट राळही येते. खरी गंमत त्या राळेत होती, पण लक्ष गेलं ते स्वच्छ स्फटिकांकडे. पुढे कलकत्त्याच्या संशोधकांनी 1943 मध्ये मानसिक रुग्णांवर या मुळाचे प्रयोग केले, ते भारताबाहेर फारसे कुणी वाचले नाहीत.

चित्र बदललं ते मुंबईमुळे. के.ई.एम.चे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांना या मुळाच्या गोळ्या दिल्या, प्रत्येकाचा रक्तदाब मोजून नोंदवला आणि 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. माझ्या मते या गोष्टीचे खरे नायक वकीलच. औषध त्यांनी शोधलं नाही, पण "गुण येतो म्हणे" याच्या जागी त्यांनी आकडे ठेवले. मग बोस्टनला रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वापरून पाहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बाझलला त्याच दुर्लक्षित राळेतून 'रेसर्पिन' काढलं!

आणि आता आपल्या शेजारची गोष्ट. न्यू जर्सीच्या सीमेला लागून, ऑरेंजबर्ग गावी रॉकलंड स्टेट हॉस्पिटल हे प्रचंड मनोरुग्णालय होतं. डॉ. नेथन क्लाइन यांनी 1954 मध्ये तिथल्या शेकडो रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फरक पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, तर काचा बसवणाऱ्या माणसाच्या, असं क्लाइन सांगत. त्या वॉर्डातल्या खिडक्या फुटेनाशा झाल्या होत्या! 1957 चं लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळालं, त्यांत क्लाइन होते आणि आपले डॉ. वकीलही.

पण औषध निर्दोष नव्हतं. नाक चोंदायचं, सुस्ती यायची. काही रुग्ण, विशेषतः मोठ्या डोसवर, खोल निराशेत गेल्याच्या नोंदी झाल्या. मानसिक आजारांसाठी नवी औषधं आली तसं ते मागे पडलं, आणि रक्तदाबासाठीही आज ते क्वचितच लिहून दिलं जातं. त्यामुळे कुणी सर्पगंधेचं चूर्ण 'नैसर्गिक आहे' म्हणून हातावर ठेवलं, तर कृपा करून आधी डॉक्टरांना विचारा.

तरी त्या मुळाचं काम संपलं नव्हतं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले, आणि एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतलं डोपामिन आणि पार्किन्सन्स यांचा संबंध कळण्याची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. इकडे मुळासाठी अख्खी झुडपं उपटली गेल्याने जंगली सर्पगंधा इतकी विरळ झाली, की 1990 पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.