अजिंठ्याची भिंत आणि चित्रकलेचे विद्यार्थी

शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलगा घागर काढायला बसला, म्हणजे एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. तो केसासारख्या बारीक पंधरा-वीस रेघा एकमेकींवर ओढतो, मग रबराने खोडतो, पुन्हा ओढतो. कागद मळून जातो, पण घागरीचे पोट काही गोल होत नाही. शेवटी ‘मला चित्र येत नाही’ म्हणून पोर वही मिटते. त्याचा हात वळत नाही तो का, आणि वळावा कसा, हा प्रश्न पुष्कळ शिक्षकांना पडतो. आपल्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी काही तरुण विद्यार्थी याच प्रश्नाला एका डोंगरातल्या भिंतीपुढे बसून भिडले होते. त्यांची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय, म्हणजे आपण ज्याला जे. जे. स्कूल म्हणतो ते, १८५७ साली सुरू झाले. सर जमशेटजींनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. तिथली शिकवण्याची तऱ्हा थेट विलायतेहून आलेली. आधी छापील नमुन्यावरून रेघा गिरवायच्या, मग घन आणि शंकू, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून त्यांच्या छाया-प्रकाशाचा अभ्यास. हे शिक्षण वाईट होते असे मी म्हणणार नाही. डोळ्याला मोजमापाची शिस्त त्यातूनच लागते, आणि ती लागल्यावाचून पुढचे काही खरे नाही. पण गिरगावातल्या किंवा कोल्हापुरातल्या मुलाने व्हीनसचे नाक गिरवून गिरवून किती गिरवावे! त्याच्या घरात, गल्लीत, देवळात तसे नाक नाही, तसे बसणे नाही, तसा पदर नाही.

या विद्यालयात १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स नावाचे एक शिक्षक आले. मूळचे वेल्सचे. त्यांनी अजिंठ्याची लेणी पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले की, हिंदुस्थानातल्या कलाविद्यार्थ्यांपुढे ठेवावा असा याहून चांगला कित्ता नाही. सरकारकडून खर्चाची मंजुरी मिळवून १८७२ च्या हिवाळ्यापासून ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. मधला काही खंड सोडला, तर १८८५ पर्यंत हे काम चालले. या मुलांत पेस्तनजी बोमनजी हे पारशी तरुण होते, ते पुढे नामांकित चित्रकार झाले.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. निजामाच्या मुलखातली ती जागा, खाली वाघूर नदीचे वळण, वर घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा. लेण्यांत अंधार आणि वटवाघळांची घाण. त्या अंधुक उजेडात मोठमोठे कापड ताणून तैलरंगात भिंतीवरचे चित्र उतरवून घ्यायचे. एकेका चित्रापुढे दिवसच्या दिवस जात.

आता त्या भिंतीवर असे काय होते, ते पाहू. खेड्यातल्या माणसाला ते सांगायला नको, इतके ते घरचे आहे. आपण घराची भिंत लिंपतो, तसाच तो गिलावा. मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून कातळावर थर द्यायचा, वर चुन्याचा पातळ हात फिरवायचा. त्यावर गेरूने आकृतीची रेघ. मग रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा तेवढा लाजवर्द नावाच्या दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून येई. रंग भरून झाले की शेवटी पुन्हा काळसर किंवा तांबूस रेघेने आकृती पक्की करायची. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यातली ही चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. नवव्या आणि दहाव्या लेण्यातली काही त्याहूनही कित्येक शतके जुनी.

ग्रिफिथ्सना नवल वाटले ते या रेघेचे. उभ्या भिंतीवर कुंचल्याच्या एकाच ओढीने काढलेली लांब रेघ पाहून ते थक्क झाले. आणि छताला मान वर करून, हात उंचावून काढलेली वळणेही तितकीच ठाम! दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची ओळ आहे. एका हंसाची मान दुसऱ्यासारखी वळलेली नाही. काढणाऱ्याने हंस पुष्कळ दिवस पाहिले असले पाहिजेत, पाण्यावर, काठावर, भांडताना, पंख साफ करताना. कुंचला उचलण्याआधीच हंस त्याच्या मनात पुरा उतरलेला होता, म्हणून रेघ अडखळली नाही.

सोळाव्या लेण्यात एक राजस्त्री आसनावर कलंडलेली दिसते. ग्रिफिथ्सच्या काळापासून तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती बुद्धाचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. नंदाने संन्यास घेतला आणि त्याचा मुकुट तिच्यापुढे आणला गेला, तो हा क्षण. तिची मान सुटली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, बोटांतली शक्ती गेली आहे. मागून दासीने तिला सावरले आहे. डोळ्यांत पाण्याचा एक थेंब नाही. युरोपातल्या थोर चित्रकारांनी याहून सफाईचे रेखाटन केले असते, याहून सुंदर रंग भरले असते, पण भाव याहून अधिक आणता आला नसता, असा ग्रिफिथ्सचा अभिप्राय होता.

मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट इथे मोठी मौजेची होती. त्याचा हात शिकला होता सावली घासून उठाव आणायला. इथे तर सावलीचा आधार थोडा, सारी मदार रेघेवर. गालाच्या गोलाईसाठी रेघ जाड होते, हनुवटीपाशी बारीक होते, खांद्यावर पुन्हा भरते. ती उतरवून घ्यायची तर आधी बराच वेळ नुसते पाहत बसावे लागते. कित्त्याचा खरा उपयोग माझ्या मते एवढाच, की तो पाहायला भाग पाडतो.

या साऱ्या मेहनतीचे पुढे झाले काय? ग्रिफिथ्सच्या आधी, १८४४ पासून, रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षे या लेण्यांत घालवून नकला केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. म्हणून तर ग्रिफिथ्सनी पुन्हा काम हाती घेतले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तीनशेच्या सुमारास चित्रे केली, तीही लंडनला रवाना झाली, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांपैकी पुष्कळ गेली. दोनदा आग! उरलेल्यांच्या आधाराने ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा मोठा ग्रंथ काढला.

याला दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवता येणार नाही. भिंतीवरचे रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर व्हार्निश फासले. तेवढ्यापुरते चित्र चमकले. पण पुढे ते व्हार्निश पिवळे-काळे पडले आणि रंग त्याखाली गुदमरले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून सफाई करवली, तरी सारे निघाले नाही. ज्या भिंतीपाशी शिकायला गेले, तिचेच नुकसान करून आले, असेच म्हणावे लागते. हेतू कितीही चांगला असो.

पुढे १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे बंगालचे तरुण याच भिंतींपुढे बसले. नंदलालांचे पुढचे आयुष्य पाहा. ते शांतिनिकेतनात गुरुजी झाले, पण विद्यार्थ्यांना जन्मभर अजिंठा गिरवायला लावले नाही. झाड पाहा, म्हैस पाहा, संथाळ बायकांची चाल पाहा, आणि रोज काढा, हा त्यांचा पाठ. आपल्या कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले. त्यांचे शिक्षण प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरच झाले, पण त्यांच्या मुंबईच्या रस्त्यातल्या माणसांच्या चित्रांत पाहा, भय्या, गुजराथी शेठ, मराठी बाई प्रत्येकाचे उभे राहणे निराळे. ते पुतळ्यावरून येत नाही, रस्त्यात उभे राहूनच येते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेतून मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात, त्यांत स्मरणचित्राचा भाग असतो. त्याची तयारी आदल्या वर्षीची चित्रे पाठ करून घेण्याने होत नाही. एक करून पाहा. मुलांना बाजारात किंवा खळ्यावर न्या, कागद-पेन्सिल वर्गातच ठेवा. पंधरा मिनिटे एकच गोष्ट पाहू द्या, पाणी पिणारा बैल म्हणा, विळा घेऊन वाकलेली बाई म्हणा. परत आल्यावर रबर न देता काढायला सांगा. पहिली चित्रे वेडीवाकडी येतील, येऊ द्या. कुठे अडले ते त्या मुलालाच कळते, आणि दुसऱ्या दिवशी तो बैलाच्या नेमक्या त्याच गुडघ्याकडे पाहतो. सहलीला अजिंठ्याला गेलात, तर मुलांना नावे आणि साल टिपून घ्यायला लावण्यापेक्षा दुसऱ्या लेण्यात छताखाली घटकाभर मान वर करून उभे करा. हात मात्र भिंतीला लावू देऊ नका.

ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी केलेली आणि आगीतून वाचलेली कापडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मधल्या काळात अजिंठ्याचा गिलावा आणखी कित्येक ठिकाणी गळला, रंग उडाले. मूळ भिंतीवर आता जिथे नुसता कातळ दिसतो, तिथे एखादा हात कसा होता, बोटे कशी वळली होती, हे पाहायचे झाले, तर आजचे अभ्यासक या शिकाऊ मुलांची ती कापडेच उलगडतात.